जनरल रजिस्टर

हजेरीपट दरवर्षी नवा येतो. मुलांच्या प्रवेशाची नोंद ठेवणारं जनरल रजिस्टर मात्र शाळा उघडली त्या दिवशी सुरू होतं. ते भरलं तर दुसरा खंड जोडतात, पण क्रमांक पुढेच चालतो. मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपाआड राहणारं हे दणकट वहीखातं घरातल्या जुन्या आजोबांसारखं आहे. बोलतं कमी, विसरत काहीच नाही.

त्यात प्रत्येक मुलाचं नाव, आईचं नाव, जात-पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. एकदा नोंद झाली की शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय त्यात बदल नाही. भोळंही तितकंच. गुरुजींनी १ जून सांगितली, यानं लिहून घेतली; खेड्यापाड्यांतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस अजून त्याच दिवशी येतो.

साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी १९१४ या क्रमांकावर एक मुलगा दाखल झाला: भिवा रामजी आंबेडकर. तो दिवस महाराष्ट्र आता विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. ज्या पानाला हे भाग्य लाभलं नाही, तेही त्याच शाईनं लिहिलेलं असतं.

बंद पडलेल्या हायस्कूलचं रजिस्टर चाळताना सगळी गोष्ट कळते. आधी एका जून महिन्यात पानंच्या पानं भरतात. शेवटी एकाच पानावर दोन-तीन वर्षांचे प्रवेश मावतात. ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात ‘बाहेरगावी गेल्याने’, ‘सतत गैरहजर’ अशा नोंदी वाढतात. पोटासाठी पुण्या-मुंबईला गेलेली घरं, इंग्रजी शाळेची गावात शिरलेली पिवळी बस, ऊसतोडीला निघालेले आईबाप, सगळं या दोन-तीन शब्दांत. शेवटच्या पानांवर उरतात ती शेतमजुरांची मुलं आणि बऱ्याचदा मुली, कारण फी भरायची ती आधी मुलाची. पट कमी झाला एवढंच आपण म्हणतो. कोणाचा पट उरला होता, हे रजिस्टर सांगतं.

शाळेला कुलूप लागलं तरी याची नोकरी संपत नाही. शाळा सोडल्याचा दाखला याच्यावरूनच निघतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी, जातीचा पुरावा म्हणून कुणबी नोंदी शोधताना शाळांची जुनी रजिस्टरंही बाहेर काढावी लागली.

तुमच्या गावची शाळा बंद झाली असेल, तर तिचं जनरल रजिस्टर कोणाच्या ताब्यात आहे, हे पंचायत समितीच्या शिक्षण विभागात जाऊन विचारा. ओल आणि वाळवी लागण्याआधी त्याचं पान न् पान स्कॅन करून घेण्याचा विषय ग्रामसभेत मांडा.