जाड तार

मिरजेच्या आमच्या जुन्या घरात पुढच्या खोलीतच अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. रमजानमध्ये ईदच्या कपड्यांचे ढीग लागत, मशीन रात्रभर चाले. 2001 चा रमजान ऐन थंडीत आला होता. पहाटे अब्बा इस्त्री फिरवत आणि त्याच वेळी अम्मी वजूच्या पाण्यासाठी बादलीत रॉड लावत. मग हमखास फ्यूज उडे. अब्बा मेन बंद करून, मेणबत्तीच्या उजेडात चिनी मातीचा फ्यूज उपसून त्यात बारीक तार बांधत. दोन दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी कंटाळून त्यांनी जाड तांब्याची तार पिळून बसवली. "आता बघू कसा उडतो!" आणि खरंच उडाला नाही. आम्ही सगळे खूश. मी तेव्हा नववीत होते. फ्यूजचा धडा मला पाठ होता, पण तो पेपरात लिहायचा असतो एवढंच ठाऊक.

हिशेब साधा होता. रॉड 1500 वॅटचा, इस्त्री 1000 ची. 230 व्होल्टवर दोन्ही मिळून जवळपास 11 अँपिअर. आमची वायर मात्र दिव्या-पंख्यांसाठी टाकलेली, 5 अँपिअरच्या अंदाजाची. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. बारीक तार वितळून रोज तेच सांगत होती. तिला काढल्यावर तो ताप भिंतीवरच्या वायरने सोसला. आवरण कडक होऊन तडकलं आणि एका पहाटे फेज-न्यूट्रलच्या तारा एकमेकींना भिडल्या. शॉर्ट सर्किट म्हणतात ते हेच. इस्त्री, रॉड, दिवा अशा कशातूनही न जाता करंटला परतीची आडवाट सापडते. तिथे अडवणारं जवळजवळ काही नसतं, म्हणून तो शेकडो अँपिअरवर जातो. बारीक तार असती तर क्षणात वितळून तुटली असती. जाड तार तशीच राहिली.

फट्ट आवाज झाला आणि ठिणग्या टांगलेल्या कपड्यांवर पडल्या. मी पाण्यासाठी रॉडच्याच बादलीकडे धावले. रॉड तसाच चालू होता. अम्मींनी माझी वेणी धरून मला मागे खेचलं. अब्बांनी मेन स्विच ओढला, मगच आम्ही पाणी मारलं. नऊ गिऱ्हाइकांचे कपडे जळाले. लोक म्हणाले, "जाऊ द्या मास्तर, जीव वाचले, अल्हम्दुलिल्लाह." अब्बा म्हणाले, "अमानत होती ती." उधारीवर कापड आणून चाँदरातीपर्यंत त्यांनी सगळे जोड शिवून दिले. त्या ईदला आम्हा भावंडांना नवे कपडे नव्हते. कुणी मागितलेही नाहीत.

गेल्या महिन्यात माझ्या घरी गीझर लावला की एमसीबी पडू लागला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "ताई, 16 चा काढून 32 चा टाकतो, कटकट संपेल."

"आणि वायर?"

"ती जुनीच राहील."

मी नको म्हटलं. गीझरला वेगळी जाड वायर टाकायला सांगितली, शिवाय 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एमसीबी वायरला वाचवतो. तारेला हात लागलेल्या माणसाला वाचवायचं काम आरसीसीबीचं. खर्च ऐकून आमचे हे जरा गप्प झाले. काम झाल्यावर मी काढलेल्या वायरचा तुकडा मागून घेतला आणि त्यांच्यासमोर वाकवला. आवरण बोटांतच मोडलं.