डक्टस

हृदयाच्या अगदी वर, फुप्फुसांकडे जाणारी धमनी आणि शरीरभर रक्त नेणारी महाधमनी यांना जोडून तो बसलेला असतो. पूर्ण नाव डक्टस आर्टेरिओसस. नवजात बाळांच्या वॉर्डात नुसता ‘डक्टस’. लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. पोटातल्या बाळाचा अर्धाअधिक संसार मात्र याच्या भरवशावर चालतो.

पोटात फुप्फुसे पाण्याने भरलेली असतात, त्यांच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. प्राणवायू वारेतून, नाळेवाटे येतो. मग फुप्फुसांकडे सगळे रक्त पाठवून करायचे काय? डक्टस त्यातले बहुतेक रक्त अलीकडेच उचलतो आणि महाधमनीत सोडतो. त्याच्या भिंतीत भरपूर स्नायू असतात, म्हणजे मिटायची ताकद अंगात पहिल्यापासूनच असते. पण रक्तात प्राणवायू कमी असतो आणि वारेकडून प्रोस्टाग्लँडिन येत राहते, म्हणून तो सैल राहतो.

मग बाळ जन्मते, रडते. छातीत हवा शिरते आणि फुप्फुसांच्या वाहिन्या सैलावतात. नाळ बांधली की प्रोस्टाग्लँडिनचा पुरवठाही तुटतो. यापुढे जे होते, ते मला आजही थक्क करते. जो प्राणवायू फुप्फुसांच्या वाहिन्या उघडतो, तोच डक्टसला आवळतो. निरोप एकच, पण शेजारी शेजारी असलेल्या दोन वाहिन्या त्याचा अर्थ नेमका उलटा घेतात, आणि दोन्ही बरोबर असतात! पूर्ण दिवसांच्या बाळात दोन-तीन दिवसांत तो मिटतो. दोन-तीन आठवड्यांत त्याची घट्ट दोरी होते. ती माणसाच्या छातीत जन्मभर राहते.

तो दिसत नाही, पण त्याचा माग काढता येतो. बाळाच्या उजव्या तळहाताला आणि एका पावलाला लाल दिव्याची पट्टी लावून सिस्टर प्राणवायूचे आकडे बघतात, ते पाहिले असेल. उजव्या हाताची धमनी डक्टसच्या आधी फुटते, पायाकडचे रक्त त्याच्या पुढून जाते. पायाचा आकडा हातापेक्षा बराच कमी आला, तर अशुद्ध रक्त अजून त्याच्यातून पलीकडे जाते आहे, अशी शंका घ्यायची. सुई न टोचता केवढी मोठी बातमी हाती लागते!

दिवस पुरे व्हायच्या आधी आलेल्या बाळात हा गडी गोंधळतो. स्नायू कोवळे असतात, प्राणवायूची हाक नीट पोहोचत नाही. तो उघडाच राहिला की रक्त उलट फिरून फुप्फुसांत लोटते आणि एवढ्याशा जिवाला धाप लागते. काही बाळांत वाट पाहिली तर तो आपोआप मिटतो. काहींना आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल द्यावे लागते. पुढेही उघडाच राहिलेला डक्टस बांधून टाकण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया 1938 साली बॉस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या एका मुलीवर केली.

उलटही घडते. फुप्फुसांकडे जाणारी झडपच बनलेली नसते, अशा बाळाला पोटात काही त्रास नसतो. जन्मानंतर डक्टस मिटू लागतो आणि बाळ निळे पडते. आता फुप्फुसांना रक्त मिळते ते एवढ्या एका वाटेने. तेव्हा डॉक्टर तेच प्रोस्टाग्लँडिन थेंबाथेंबाने शिरेतून देतात आणि शस्त्रक्रियेपर्यंत डक्टस उघडा धरून ठेवतात. या औषधाने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून पाळण्यापाशी कुणीतरी सतत लागते.

घरोघरी सांगावे असे त्याच्याबद्दल आणखी एक आहे. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाहीत आणि ती वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. शेवटच्या तीन महिन्यांत आईने कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून अशी गोळी आणून घेतली, तर डक्टस बाळ पोटात असतानाच आवळू शकतो. म्हणून गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा, दुखणे कितीही साधे वाटले तरी.