ओट्याचा दगड

स्वयंपाकघर नवे करायचे ठरले की घरात पहिली चर्चा रंगाची होते आणि दुसरी ओट्याची. भिंतीचा रंग चार वर्षांनी बदलता येतो. ओटा मात्र एकदा बसला की तो बहुधा पुढच्या पिढीच्याच हाती जातो. मंडणगडच्या बाजारपेठेत किराणा-भुसाराचा व्यवसाय करणाऱ्या एका जैन कुटुंबात गेल्या दिवाळीनंतर ही दुसरी चर्चा महिनाभर चालली. दुकानामागील घरातील कडप्पाचा ओटा दोन ठिकाणी तडकला होता आणि सांध्यांतील सिमेंट निघून गेले होते. सासूबाई, दोन सुना आणि दोघे भाऊ, प्रत्येकाचे मत वेगळे होते; आणि कोणाचेही मत केवळ शोभेपुरते नव्हते, ही त्या घराची विशेष गोष्ट.

मंडणगड हा रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा तालुका. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा आषाढ-श्रावणाच्या आगेमागे कोसळतो. घरे जांभ्या चिऱ्यांची. हा दगड खाणीतून निघताना मऊ, हवा लागल्यावर कठीण होतो. पण सच्छिद्रता काही जात नाही. पावसाळ्यात भिंत ओल ओढते आणि ओट्यामागील कोपरा आश्विनापर्यंत दमट राहतो. अन्य घरांत ही केवळ गैरसोय असते. जैन घरात मात्र तो प्रश्न निराळा होतो, कारण चातुर्मास नेमका याच दिवसांत येतो. सांध्यात साचलेल्या ओलीवर हिरवट-काळी लीलफूग धरते. ती अनंतकाय; तिला पुसून काढायचे म्हणजे विराधना आणि न पुसावे तर ती वाढतच जाणार. उघड्या भेगेतून मुंग्यांची रांग निघते, तीही शेगडीच्या दिशेने. रोज पहाटे पूंजणीने ओटा झाडून मगच गॅस पेटवणाऱ्या सासूबाईंचा हट्ट त्यामुळे एकच होता : "दगड कोणताही आणा, पण सांधा नको."

जुन्या काळी चुलीवर आणि पाणियाऱ्यावर चंदरवा बांधत, तो वरून पडणाऱ्या जीवांसाठी. सांध्याविना ओटा हा त्याच विचाराचा आजचा अवतार म्हणता येईल. टाइल्सचा ओटा या एका निकषावरच बाद झाला. टाइल स्वतः पाणी पीत नसली तरी दोन टाइलींमधील भराव पाणी पितो, आणि कोकणात दोन पावसाळ्यांत तो काळा पडतो.

कडप्पाचा विचार प्रथम झाला, कारण तो परिचयाचा. आंध्रातील कडप्पा जिल्ह्याचे नाव लावून आलेली ही काळी लादी, आणि कर्नाटकातून येणारी शहाबादी फरशी, दोन्ही मूळच्या चुनखडीच्या. महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांचा स्वयंपाक यांवरच झाला. स्वस्त, गरम पातेले सोसणारी, डाग दडवणारी. परंतु आंबटाशी तिचे वैर. चुनखडीवर लिंबू, चिंच वा कोकमाचे आगळ सांडले की आम्ल दगडाला खाते आणि तेथील चकाकी जाते. हाच दोष संगमरवरात अधिक ठळकपणे दिसतो, कारण संगमरवर म्हणजे भूगर्भातील उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेली चुनखडीच. देलवाड्याच्या मंदिरांत शतकानुशतके तेजाळत राहिलेला दगड स्वयंपाकघरात एका सोलकढीने निस्तेज होतो. मंदिरात दूध-पाण्याचा अभिषेक मूर्तीवर होतो, आगळाचा नव्हे. तेव्हा दगडाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला चुकीच्या जागी बसवण्यात दोष आहे.

उरले दोन : ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झ. धाकट्या सूनबाईंना क्वार्ट्झ हवा होता आणि त्यांची कारणे पोकळ नव्हती. पांढऱ्या ओट्यावर बारीक मुंगी, धान्यातील पोरकिडा, डाळीतील अळी चटकन दिसते. काळ्या ओट्यावर ती दिसत नाही आणि हाताखाली येते. शिवाय हा दगड पाणी अजिबात पीत नाही. आगळ सांडो की हळद, वेळीच पुसली तर खूण राहत नाही. जयणेच्या दृष्टीने पाहिले तर पांढरा, गुळगुळीत, ओल न धरणारा ओटा हाच उत्तम ठरत होता. सासूबाईही जवळजवळ तयार झाल्या होत्या.

क्वार्ट्झ म्हणून बाजारात विकला जाणारा हा फलक खाणीतून जसाच्या तसा निघत नाही. क्वार्ट्झ खनिजाचा चुरा आणि त्याची पूड ९० टक्क्यांच्या आसपास घेऊन तीत राळेसारखे रसायन आणि रंग मिसळतात, निर्वात दाबाखाली थरथरवून फलक घट्ट करतात आणि मग भट्टीत तापवून पक्का करतात. ही पद्धत इटलीतील ब्रेटन या यंत्रनिर्मात्या कंपनीने विकसित केली आणि गेल्या तीन-चार दशकांत ती जगभर पसरली. भारतातही तिचे मोठे कारखाने उभे राहिले असून त्यांच्या मालाला अमेरिकेत मोठी मागणी आहे. राजस्थान-गुजरातशी नाते असलेल्या कित्येक जैन घरांचे सोयरे आज याच धंद्यात आहेत. या घराचेही होते, आणि सवलतीच्या दराचा निरोप त्यांच्याकडून आधीच येऊन पोचला होता.

नमुना पाहण्यासाठी थोरले भाऊ आणि दोन्ही सूनबाई तालुक्याबाहेरच्या एका दगडविक्रेत्याकडे गेल्या. दुकानात फलक आरशासारखे उभे होते. मागील आवारात मात्र एक विशीतला तरुण पांढऱ्या फलकात सिंकचे भोक कापीत होता. हातात विजेचे कटर, पाण्याची धार नाही, नाकाला रुमाल. त्याच्या भुवया, केस, कानामागील घाम, सगळे पिठासारखे पांढरे झाले होते. थोरल्या सूनबाईंनी विचारले, "पाणी का घेत नाही, भाऊ?" तो हसून म्हणाला, "पाण्याने चिखल होतो, वहिनी. खूण दिसत नाही. वेळ जातो."

त्या पांढऱ्या पुडीची कथा जुनी आहे. क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकरूप सिलिका. ती कापताना उडणाऱ्या धुळीतील सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतच नाहीत. ते केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक असतात आणि रुमालातून सहज पार जातात. फुप्फुसाच्या तळाशी पोचल्यावर शरीराच्या रक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या अखंड झुंजीत फुप्फुसावर वण चढत जातात आणि ते ताठर होते. याला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर बरे करणारे औषध नाही; काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो, आणि अशा फुप्फुसात क्षयाला सहज वाट मिळते.

धूळ सगळ्याच दगडांची उडते, पण सिलिकेचे प्रमाण सारखे नसते. संगमरवर आणि चुनखडीत ते सहसा अगदी थोडे असते. ग्रॅनाइटमध्ये साधारण २५ ते ४५ टक्के. कृत्रिम क्वार्ट्झमध्ये ९० टक्क्यांपर्यंत, किंबहुना त्याहूनही अधिक. म्हणूनच खाणकामगाराला वीस-तीस वर्षांनी गाठणारा हा रोग या नव्या फलकाच्या कारागिरांना दहा वर्षांच्या आतही गाठू लागला. इस्रायलमधील डॉक्टरांनी २०१२ साली अशा पंचवीस रुग्णांची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. ऑस्ट्रेलियात तरुण कारागिरांची तपासणी झाली तेव्हा इतके रुग्ण सापडले की डिसेंबर २०२३ मध्ये तेथील सरकारांनी निर्णय घेतला आणि १ जुलै २०२४ पासून असा फलक बनवणे, पुरवणे आणि बसवणे यांवर देशभर बंदी आली. ज्या वस्तूवर स्वयंपाकघराची शोभा म्हणून जग भाळले, ती कापणाऱ्याच्या प्राणासाठी एका देशाने वर्ज्य केली.

भारताला हा रोग नवा नाही. मंदसौरच्या पाटीवरील पेन्सिली बनवणारे, खंभातचे अकीक घासणारे, राजस्थानच्या वालुकाश्माच्या खाणींत राबणारे, या सर्वांची फुप्फुसे त्याने पोखरली आहेत. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये अशा पीडितांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. कारखाने अधिनियम, १९४८ मध्येही तो नोंद करण्याजोगा व्यवसायजन्य रोग होता. पण सिंकचे भोक कापणारा तरुण कोणत्या कारखान्याच्या पटावर असतो? तो आज एका घरी, उद्या दुसऱ्या, आणि दहा वर्षांनी आपल्या गावी खाटेवर.

घरी परतल्यावर वाद खरा पेटला. थोरल्या भावांचा मुद्दा सरळ होता. धूळ ग्रॅनाइटचीही उडते, चिऱ्याचीही उडते. एवढा विचार करायचा तर घरच बांधू नये. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्णतः टाळता येत नाही, हे शास्त्रालाही मान्य आहे. आणि आपण न घेतल्याने तो तरुण काही काम सोडणार नाही. फार तर दुसऱ्याच्या घरचे भोक कापेल. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. व्यापारी घरात तो रोज कोणत्या ना कोणत्या मालाबाबत केला जातो.

थोरल्या सूनबाईंनी उत्तर दिले ते पाठशाळेत शिकलेल्या गोष्टींच्या आधारे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे हे दोन आहेत. ते केवळ बैलापुरते मानले जात नाहीत, आश्रितांना आणि नोकरांनाही लागू धरले जातात. ज्याचे अन्नपाणी रोखणे हा दोष, त्याचा श्वास रोखणे हा दोष कसा नाही? उपासकदशांगात श्रावकाने टाळावयाची पंधरा कर्मादाने येतात, त्यांत फोडीकम्म आहे : भूमी खणणे, दगड फोडणे. पृथ्वीकायाच्या विराधनेसाठी ज्या परंपरेने एवढी सूक्ष्म रेषा आखली, तिने दगड फोडणाऱ्या पंचेंद्रिय मनुष्याकडे डोळेझाक करावी, हे जुळत नाही. आणि व्रत केवळ स्वतः न करण्याचे नसते. दुसऱ्याकडून न करवण्याचेही असते. आपण माप देतो, आपण नमुना निवडतो, आपण पैसे मोजतो. "मुंगी दिसावी म्हणून पांढरा ओटा घ्यायचा," त्या म्हणाल्या, "आणि माणूस दिसला तर नजर वळवायची?"

थोरल्या भावांचे म्हणणे एका अर्थी बरोबर होते : निर्दोष दगड नाही. पण निर्दोष नाही म्हणून सगळे सारखेच, असा हिशेब दुकानात कोणी करीत नाही. तेथे पैशाच्या फरकावर सौदा ठरतो. मग धुळीच्या फरकाने का ठरू नये?

निवड झाली ती काळ्या दगडाची. बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात, त्यातील पुष्कळसा माल भूशास्त्राच्या भाषेत ग्रॅनाइट नसतोच. तो गॅब्रो वा डोलेराइट जातीचा, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा नातलग. त्यात मुक्त क्वार्ट्झ फार थोडा असतो. तो आंबटाला दाद देत नाही, तापलेले पातेले सोसतो (कृत्रिम क्वार्ट्झमधील राळ इथे कमी पडते) आणि पाणीही नाममात्र पितो. मुंगी दिसण्याचा प्रश्न धाकट्या सूनबाईंनी स्वतःच सोडवला : ओट्यावर थेट प्रकाश पडेल असा दिवा, आणि चिरण्या-निवडण्यासाठी पांढऱ्या कपड्याचा तुकडा. दगडाकडून अपेक्षिलेले काम दिव्याने केले, तेही फार कमी पैशात.

सांध्याचा प्रश्न मात्र मापाने सुटला. ओटा दहा फूट लांब, दोन फूट रुंद. १८ मिलिमीटर जाडीचा असा अखंड फलक भरतो सुमारे नव्वद किलोंचा. तो दाराच्या वळणातून आत येईल का, हे आधी पुठ्ठ्याचा साचा कापून पाहिले. सिंक आणि शेगडी आधीच विकत घेतली, म्हणजे भोकांची मापे नक्की झाली आणि घरी येऊन काही कापावे लागले नाही. भिंतीकडची कड वर घेऊन तिच्यामागे ओलरोधक लेप दिला. पुढची कड तिहेरी गोलाईची न करता साधी ठेवली, कारण प्रत्येक नक्षी म्हणजे घासण्याचे अधिक तास.

महत्त्वाची अट एकच होती : सर्व काप पाण्याखाली, कारखान्यात. पहिला विक्रेता म्हणाला, "असे कोणी विचारत नाही, शेठ," आणि दर वाढवून सांगितला. दुसऱ्याकडे पाण्याच्या धारेचे मोठे यंत्र होते. त्याने काम घेतले, दहा दिवस जास्त लावले. पाण्याने धूळ पूर्ण जाते असे नाही, चिखल सुकला की तीच पूड पुन्हा उडते. म्हणून आवार ओले असतानाच धुतले जाते का, हेही धाकट्या भावांनी जाऊन पाहिले. जास्तीची रक्कम ओट्याच्या एकूण खर्चात फार मोठी नव्हती. ती द्यावी लागते हेच बहुतेकांना ठाऊक नसते.

क्वार्ट्झचा व्यापार करणाऱ्या सोयऱ्यांना नकार कळवणे थोरल्या भावांकडे आले. त्यांनी निमित्ते न सांगता खरे कारण सांगितले. पलीकडून थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले की त्यांच्या कारखान्यात कापणी पाण्यातच होते. फलक बाहेर पडल्यावर गावोगावचा कारागीर तो कसा कापतो, हे आपल्या हातात कुठे? थोरल्या भावांनी एवढेच विचारले की माल ज्यांना जातो, त्यांतील किती जणांकडे पाण्याची सोय आहे. आकडा त्यांच्यापाशी नव्हता. पर्युषणापूर्वी चौकशी करून कळवतो, असे त्यांनी सांगितले आहे.