पिन बसली, पण जोडी जमली का?

मुलांनो, तुमच्या घरी एक डबा नक्की असणार. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, नाहीतर कपाटातला सगळ्यात खालचा खण. त्यात गुंडाळलेल्या वायरी असतात आणि त्या वायरींच्या टोकाला काळे ठोकळे. कोणता ठोकळा कशाचा, हे घरात कुणालाच आठवत नाही. आई म्हणते, “टाकून द्या एकदाचं.” बाबा म्हणतात, “राहू दे गं, कधीतरी उपयोगी पडेल.”

या ठोकळ्यांना म्हणतात अ‍ॅडॉप्टर. एखादं यंत्र बंद पडलं की डब्यातला ज्याची पिन बसेल तो ठोकळा लावून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो मोह का आवरायचा, हेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

आमची शाळा छोटी आहे. दोन खोल्या, चार वर्ग आणि गावाने लोकवर्गणी काढून दिलेला एक संगणक. एकच बरं का! त्यामुळे त्याच्यावर बसायच्या पाळ्या ठरलेल्या. पावसाळ्यात एका रात्री विजा कडाडल्या, लाइट सारखी येत-जात होती. दुसऱ्या दिवशी मुलांनी बटण दाबलं, तर संगणकाचा पंखा घुर्र करतोय, पण मॉनिटर मात्र काळाठिक्कर. त्याचा छोटा दिवासुद्धा लागेना.

आता बिघाड नेमका कुठे? आम्ही एकेक गोष्ट तपासली. त्याच सॉकेटला टेबलफॅन लावला, तो फिरला. म्हणजे सॉकेट ठीक. मग गावातले वायरमनकाका आले. त्यांनी अ‍ॅडॉप्टरच्या पिनेला मल्टिमीटर लावला. आकडा शून्यावरून हलेना. काका म्हणाले, “बाई, ह्या ठोकळ्यात काही जीव नाही. मॉनिटर वाचला की नाही, ते नवा अ‍ॅडॉप्टर लावल्यावरच कळेल. पण भलता लावाल, तर वाचलेला मॉनिटरही जायचा.”

ते वाक्य मुलांनी नीट ऐकलं. मॉनिटर गेला, तर दुसरा घ्यायला पुन्हा वर्गणी कुठून आणायची?

हा ठोकळा काय काम करतो, ते आधी पाहू. आपल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्टची वीज येते. ती सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे हेलकावे खाते. मॉनिटरला मात्र लागते थोड्या व्होल्टची आणि एकाच दिशेने वाहणारी वीज. हे रूपांतर अ‍ॅडॉप्टर करतो. काही मॉनिटरांमध्ये ही सोय पोटातच असते, त्यांची जाड वायर थेट भिंतीला जाते. आमच्या मॉनिटरची सोय बाहेर, त्या ठोकळ्यात होती.

आणि नवा ठोकळा कसा निवडायचा, हे जुन्या ठोकळ्याच्या पाठीवरच लिहिलेलं असतं! फक्त अक्षरं इतकी बारीक की मुंगीने लिहिली असावीत. चौथीतली एक मुलगी विज्ञानपेटीतलं भिंग घेऊन आली आणि वाचत सुटली. मी म्हटलं, “वहीत उतरव.” तिने सगळं उतरवलं. शेवटी विचारलं, “बाई, हे टिंबाचं चित्र पण काढू का?” मी म्हटलं, “काढ, काढ. ते तर फार कामाचं आहे.”

तिच्या वहीत दोन ओळी महत्त्वाच्या होत्या. इनपुटच्या ओळीत होतं १०० ते २४० व्होल्ट. म्हणजे भिंतीतून किती घ्यायचं ते. आपली २३० त्यात बसते. आणि आउटपुटच्या ओळीत होतं १९ व्होल्ट, १.३ अँपिअर. म्हणजे मॉनिटरला किती द्यायचं ते.

व्होल्ट आणि अँपिअर ही दोन माणसांची नावं आहेत, ठाऊक आहे ना? इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० साली पहिली बॅटरी जगाला दाखवली. फ्रान्सचे आंद्रे-मारी अँपिअर यांनी वीज आणि चुंबक यांचं नातं अभ्यासलं. पण नियम दोघांचे वेगवेगळे आहेत.

व्होल्ट म्हणजे रेटा. पाण्याची टाकी जमिनीवर असली तर नळाला करंगळीएवढी धार येते. तीच टाकी चौथ्या मजल्याच्या गच्चीवर ठेवली तर धार जोरात येते, जुना नळ असला तर उडूनही जाईल. म्हणून व्होल्ट तंतोतंत जुळायलाच हवेत. १९ च्या जागी १२ दिले तर मॉनिटर लागणार नाही किंवा लुकलुक करील. २४ दिले तर आतले भाग जळू शकतात.

अँपिअरचं तसं नाही. शाळेत खिचडी शिजते, ते पातेलं आठवा. पातेल्यात पन्नास जणांची खिचडी असली म्हणून एकट्या बंड्याच्या पोटात पन्नास जणांची जाते का? तो आपल्या भुकेपुरतीच घेतो. तसंच मॉनिटर लागेल तेवढाच प्रवाह ओढतो. म्हणून अँपिअर जुन्याएवढे किंवा जास्त चालतात. कमी मात्र चालत नाहीत. पातेलं लहान पडलं की अ‍ॅडॉप्टर तापतो, मध्येच बंद पडतो, कधी वितळतोसुद्धा.

दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की शक्ती मिळते, वॅटमध्ये. १९ गुणिले १.३ म्हणजे २४.७ वॅट. चौथीच्या मुलांनी हे गणित फळ्यावर केलं आणि अपूर्णांकाला एकानेही नाक मुरडलं नाही!

शनिवारी शाळा सुटल्यावर मी ती वही पिशवीत घातली आणि तालुक्याच्या गावी गेले. दुकानदारांनी एक खोकं पुढे ठेवलं. मी जुना अ‍ॅडॉप्टर दाखवला. त्यांनी एक काढला, पिन जुन्या पिनेशी ताडून पाहिली. अगदी जुळी भावंडं! म्हणाले, “घ्या मॅडम, दोनशे रुपये. पिन बसली म्हणजे झालं.”

मी पाठ वाचली. १४ व्होल्ट.

मुलांनो, गंमत बघा. काही मॉनिटरांना १४ व्होल्ट लागतात, काहींना १९, आणि तरी दोघांच्या पिना हुबेहूब सारख्या असू शकतात. पिन ही नुसती कुलपात शिरणारी किल्ली आहे. आत काय येतंय, ते तिला ठाऊक नसतं.

दुसरा निघाला १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअरचा. लॅपटॉपचा. आकडे चालण्यासारखे, पण पिन बारीक, आतला आकारही निराळा. ढिली बसणारी पिन ठिणग्या मारते, म्हणून तोही बाजूला.

तिसरा होता १९ व्होल्ट, २.१ अँपिअर. पिन नेमकी तीच. मग मी त्या मुलीने काढलेलं चित्र शोधलं. मध्ये टिंब, भोवती अर्धवट वर्तुळ, एकाला अधिकाचं चिन्ह, दुसऱ्याला उण्याचं. टिंब म्हणजे पिनेच्या मधला भाग, वर्तुळ म्हणजे बाहेरचा. आमच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये मधला भाग अधिक होता. पण सगळीकडे तसंच असतं असं नाही हं! काही संगीताच्या कीबोर्डांच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये हे बरोब्बर उलटं असतं. असा उलटा लावला तर आकडे जुळूनही यंत्र बिघडू शकतं. आउटपुटपुढचं आणखी एक चिन्हही मी पाहिलं. आडवी रेघ आणि तिच्याखाली तीन तुटक रेघा, म्हणजे एकाच दिशेची वीज. तिथे नागमोडी रेघ असती तर हेलकाव्यांची.

सगळं जुळलं. शेवटी भारतीय मानक ब्यूरोची खूण पाहिली. केंद्र सरकारने आदेश काढून संगणकासारख्या यंत्रांच्या अ‍ॅडॉप्टरना या ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची केली. अशा अ‍ॅडॉप्टरवर ब्यूरोची खूण असते आणि इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर नावाच्या मोबाइल अ‍ॅपवर तो क्रमांक घालून खरा आहे का, ते पाहता येतं. मी दुकानातच पाहिलं. साडेपाचशे रुपये पडले, पावती घेतली.

सोमवारी वर्गात कुणाला प्रार्थनेतही लक्ष नव्हतं. पिन लावली, बटण दाबलं. छोटा दिवा लागला, मग पडदा उजळला. मॉनिटर वाचला होता! अर्धा तास झाल्यावर मी अ‍ॅडॉप्टरला हात लावून पाहिला. कोमट होता, चटका नव्हता. तसाच असायला हवा.

आता तुमची पाळी. घरच्या सेट-टॉप बॉक्सचा, वायफायच्या डबीचा अ‍ॅडॉप्टर बघा. आधी मोठ्यांना सांगून तो सॉकेटमधून काढा. पाठ वाचा आणि वहीत चार रकाने करा : व्होल्ट, अँपिअर, टिंबाचं चित्र, पिन. उघडून मात्र पाहायचं नाही! सॉकेटमधून काढल्यावरही आतल्या एका भागात तीनशेहून जास्त व्होल्ट काही वेळ साठून राहू शकतात.

मग प्रत्येक अ‍ॅडॉप्टरवर एक चिठ्ठी चिकटवा, ‘हा अमक्याचा’ अशी. पुढच्या वेळी कुणी म्हणालं, “अरे, ही पिन बसतेय की,” तर तुम्ही शांतपणे वही उघडा आणि विचारा, “व्होल्ट किती?”