हेरल्डचं नाक

मामांच्या अंबरनाथच्या शेडमध्ये मद्रासला बनलेली १९६६ ची स्टॅण्डर्ड हेरल्ड आहे. हिचं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नव्हे, मडगार्डांसकट अख्खं नाकच पुढे कलंडतं. १९६२ साली ब्रिटनमध्ये आलेली ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार याच चॅसीला आखूड करून बेतलेली, तिचंही तसंच.

आमचं लोखंडी नाक पावसाळ्यांनी खाल्लं, म्हणून मामांनी फायबरचं एकसंध नाक करून घेतलं. इतकं हलकं की दोघांनी सहज उचललं.

"चार भोकं पाड नि बोल्ट पिळ," मामा म्हणाले. इथेच आमचं वाजलं! एसओएमला आपण स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन पाच मार्कांपुरतं वाचतो ना, तेच हे. पत्रा वाकून निभावतो; फायबर भोकाभोवती चांदणीसारखं तडकत जातं. म्हणून भार पसरवायचा. आतून पाईपची फ्रेम मॅट-रेझिनने बसवली, बिजागऱ्या त्या फ्रेमला. बोल्टखाली रबर, त्यावर रुंद वॉशर, नायलॉक नट, आणि पिळायचं बेतानेच.

मागच्या कडेला दोन्ही बाजूंना कॅच. पण ग्रिलमधून घुसलेली हवा नाक आतून उचलते, त्यात कल्याण-बदलापूर रोडचे खड्डे! मी जादा पिना सुचवल्या.

"घराण्यातल्या गाडीला कडी-कोयंडा?" मामा भडकले. मग आठवलं, पुढच्या सीटवर आजी बसणार. तयार झाले, फक्त पिना काळ्या हव्यात म्हणाले.

रविवारी उल्हासनगरला मावशीकडे निघालो. पिना मी दोनदा ओढून पाहिल्या. तिसऱ्यांदा मामांनी.