बिनमधाचा चहा

दुकानाच्या नव्या वह्या दिवाळीच्या पाडव्याला पूजेला लागतात. सांगलीच्या गणपती पेठेत हळदीची आडत चालविणाऱ्या एका गृहस्थांनी मात्र वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ऐन फाल्गुनात, एक कोरी वही उघडली. घरात त्यांना लहानथोर सारे अण्णा म्हणतात. वहीच्या डाव्या बाजूस, जिथे जमा लिहितात तिथे, त्यांनी मराठी शब्द लिहिले. उजवीकडे, नावे बाजूला, लात्वियन भाषेतले. लिपी दोन्हीकडे देवनागरीच. मुनीमजींनी एकदा कुतूहलाने वही चाळली आणि काही न बोलता जागच्या जागी ठेवून दिली.

अण्णांची नात रीगा येथे वैद्यकीय शिक्षण घेत आहे. तिचे हे तिसरे वर्ष. रीगा ही लात्वियाची राजधानी. बाल्टिक समुद्राच्या आखाताशी, दौगावा नदीच्या काठी वसलेले जुने व्यापारी शहर. १२०१ हे त्याच्या स्थापनेचे वर्ष मानतात. उत्तर युरोपातील व्यापारी नगरांचा जो हान्सा संघ इतिहासात प्रसिद्ध आहे, त्यात रीगाही होते. पेढीवरच्या माणसाला अशा गावाविषयी आपोआप आदर वाटतो. पण वही उघडण्याचे कारण शहर नव्हते. कारण होते त्या मुलीची घरमालकीण.

जानेवारीत मुलीला ताप भरला. खोलीतली मैत्रीण गावी गेलेली, बाहेर बर्फ. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या घरमालकीण बाई जिना चढून वर आल्या. हातात लिंडेन वृक्षाच्या सुकवलेल्या फुलांचा चहा होता. सर्दीतापावर तिकडच्या घराघरांत हाच काढा देतात. त्यात त्यांनी दोन चमचे मध घातला होता. मुलीने वास घेतला आणि कप बाजूला सारला. मध आपल्याकडे वर्ज्य आहे, हे सांगायला तापात शब्द सुचेनात. ‘नको, मध नको’ एवढेच काय ते कसेबसे बोलली. बाई कप घेऊन निघून गेल्या. एका म्हाताऱ्या माणसाचे मन मोडले, या विचाराने मुलगी रडत पडून राहिली. अर्ध्या तासाने पुन्हा जिना वाजला. बाई दारात उभ्या होत्या, हातात नवा कप. ‘बेझ मॅदुस,’ त्या म्हणाल्या. मधाविना.

त्यानंतर आठ दिवस तो चहा, सोबत कधी दुधात शिजवलेला भात, वेळेवर वर येत राहिला. बरी झाल्यावर मुलीने पैसे पुढे केले, ते बाईंनी घेतले नाहीत. हे सारे तिने फोनवर सांगितले तेव्हा आजींचे डोळे भरून आले. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘ही उधारी झाली. फेडायला जावे लागेल.’

जायचे ठरले जूनमध्ये. प्रश्न होता भाषेचा. बाईंना इंग्रजी येत नाही. रशियन उत्तम येते, आणि रशियनची पुस्तके सांगलीतही मिळण्यासारखी. व्यवहारी माणसाने सोपा मार्ग धरावा, म्हणून अण्णांनी आधी रशियनच सुचवले. नात म्हणाली, ‘अण्णा, रशियन त्यांना समजेल. पण तुम्ही त्यांच्याशी लात्वियन बोललात तर त्यांना बरे वाटेल.’ मग तिने कारण सांगितले. १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेने लात्विया गिळला. २५ मार्च १९४९ पासून चार-पाच दिवसांत तिथल्या ४२ हजारांहून अधिक माणसांना घराबाहेर काढून रेल्वेच्या वाघिणींतून सायबेरियात धाडले गेले. त्यांत बायका, मुले आणि वृद्धच अधिक होते. बाईंचे आईवडील त्यांपैकी होते. बाईंचा जन्म सायबेरियातला. कुटुंब परत आले तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. सायबेरियात आई त्यांच्याशी घरात हळू आवाजात जी भाषा बोलत असे, ती ही.

अण्णांनी त्यानंतर रशियनचे नाव काढले नाही. मात्र हिशेब केल्यावाचून त्यांना राहवेना. लात्वियाची सारी लोकसंख्या सुमारे १९ लाख. त्यांत लात्वियन ही मातृभाषा असणारे जगात जेमतेम १५ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाखांवर होती. म्हणजे अर्ध्या सांगली जिल्ह्याएवढ्या माणसांची ही भाषा, आणि तिच्यात विद्यापीठे आहेत, न्यायालये आहेत, वर्तमानपत्रे आहेत. शतकानुशतके जमीनदार जर्मन बोलत, नंतर कचेऱ्या रशियन बोलू लागल्या. लात्वियन राहिली शेतात आणि चुलीपाशी. सोव्हिएत काळाच्या अखेरीस, १९८९ च्या जनगणनेत, आपल्याच देशात लात्वियन लोक निम्म्याहून किंचितच अधिक उरले होते. त्याच वर्षी लात्वियन ही राज्याची भाषा असल्याचा कायदा झाला. पूर्ण स्वातंत्र्य १९९१ मध्ये आले. २०१२ मध्ये रशियनला दुसरी राजभाषा करावी काय, यावर जनमत घेतले गेले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश मते विरोधात पडली.

दर रविवारी दुपारी नातीचा फोन येई आणि शिकवणी सुरू होई. पहिले शब्द नमस्काराचे. ‘लब्दिएन’ म्हणजे शुभ दिवस. यातला ‘दिएन’ म्हणजे आपला दिनच. ‘पल्दिएस’ म्हणजे धन्यवाद. ‘देव साहाय्य करो’ अशा अर्थाच्या दोन शब्दांचा तो झिजून झालेला एक शब्द. ‘लूजु’ म्हणजे कृपया, आणि धन्यवादाला उत्तर म्हणूनही हाच शब्द. ‘ने’ म्हणजे नाही. आणि होय म्हणजे ‘या’. हा शेवटचा शब्द ऐकून आजी स्वयंपाकघरातून हसल्या, ‘आपण दारात पाहुण्याला म्हणतो तोच की!’

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाला एक लाभ आहे, तो हिंदी बोलणाऱ्यास नाही. ‘लूजु’मधला ज हा ‘जुना’मधला ज आहे, ‘जिना’मधला नव्हे. ‘चूल’मधला दंत्य च लात्वियनमध्ये पावलोपावली भेटतो. अडचण एवढीच, की मराठीत हा च इकारापुढे येत नाही आणि किंमत विचारण्याचा प्रश्न नेमका तिथेच सुरू होतो : ‘त्सिक तस मक्सा?’ आयुष्यभर भाव विचारलेल्या अण्णांची जीभ या एका प्रश्नावर दोन रविवार अडखळली. ऱ्हस्व-दीर्घाची तर फारच सावधगिरी हवी. ‘काझस’ म्हणजे लग्न; पहिला स्वर ऱ्हस्व केला की ‘कझस’, म्हणजे शेळ्या. ऱ्हस्व-दीर्घाला हल्ली कोण विचारतो, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावे.

आकडे आले तेव्हा मात्र अण्णा खुलले. दिवि, त्रीस, चेत्रि, पिएत्सि. पुढे सेप्तिञि, अस्तुओञि, देविञि, देस्मित. लहानपणी पाठशाळेत संस्कृत स्तोत्रे पाठ केलेल्या माणसाला द्वि, त्रीणि, चत्वारि, पञ्च, सप्त, अष्ट, नव, दश यांची ओळख पटायला काय वेळ लागणार? शंभराला ‘सिम्त्स’, त्यात शत. अग्नीला ‘उगुन्स’, धुराला ‘दूमि’, पुरुषाला आणि नवऱ्याला ‘वीर्स’. ‘तू’ तिथेही तूच आहे आणि वडीलधाऱ्यांशी ‘यूस’ म्हणतात, म्हणजे तुम्ही. बाल्टिक कुळातल्या दोनच भाषा आज जिवंत आहेत, लिथुएनियन आणि लात्वियन. संस्कृतशी त्यांचे नाते फार जुने आणि दूरचे आहे. लात्वियन शिकली की संस्कृत समजते, असे मात्र कुणी समजू नये. भाऊबंदकी निराळी आणि बोलचाल निराळी.

वहीची तीन पाने आजींच्या हुकमाने अन्नाला दिली गेली. ‘बेझ’ म्हणजे शिवाय. पण नुसते ‘बेझ’ लावून भागत नाही. पुढच्या शब्दाचे रूप बदलते, जसे आपण ‘कांदाशिवाय’ म्हणत नाही, ‘कांद्याशिवाय’ म्हणतो. मांस ‘गल्य’, पण ‘बेझ गल्यस’. अंडे ‘उओला’, पण ‘बेझ उओलाम’. तसेच कांद्यासाठी ‘बेझ सीपुओलिएम’, लसणासाठी ‘बेझ क्यिप्लुओकिएम’, बटाट्यासाठी ‘बेझ कर्तुपेल्यिएम’. हा शेवटचा शब्द पाठ करताना आजी म्हणाल्या, ‘एवढे म्हणण्यापेक्षा उपास बरा.’ नातीने बजावले, की करड्या वाटाण्यांची उसळ दिसली तर भुलू नका. तिथला तो आवडता पदार्थ डुकराच्या चरबीत होतो. बीटाच्या थंड गुलाबी सारातही अंडे असते. मधाचा शब्द मात्र मोठा सरळ निघाला. ‘मॅदुस’, म्हणजे आपला मधु. आणि ‘बेझ’पुढेही तो तसाच राहतो.

शिकण्यात आजी मागे होत्या, पण एका गोष्टीने त्याही वहीशी येऊन बसू लागल्या. लात्वियन लोकांची चार ओळींची लोकगीते आहेत, त्यांना ‘दैना’ म्हणतात. दळण, पेरणी, लग्न, मरण, सारे त्यांत आहे. क्रिश्यानिस बरोन्स या गृहस्थाने ती गोळा करून चिठ्ठ्यांवर उतरवली आणि खणांच्या एका लाकडी कपाटात लावून ठेवली. १८९४ ते १९१५ या काळात ती ग्रंथरूपाने निघाली. त्यांत २ लाख १७ हजारांहून अधिक गीते आहेत. ते कपाट आज रीगाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत त्याची नोंद आहे. आजींना त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या आठवत होत्या, फार नाहीत, दहाबारा. ‘आमच्या आईच्या कुणी कपाटात ठेवल्या नाहीत,’ त्या म्हणाल्या. अण्णांनी वहीची मागची पाने त्यांना दिली.

जूनमध्ये दोघे रीगाला पोहोचले. त्या दिवसांत तिथे सूर्य मावळायला रात्रीचे दहा वाजून जातात, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम बिनबोभाट पाळता आला. डिसेंबरात हाच सूर्य चारच्या आत मावळतो, तेव्हा नात काय करीत असेल, हे आजींनी तिला विचारले नाही. दुसऱ्या सकाळी मंडई. १९३० मध्ये उघडलेली ही मंडई पाच उंच कमानदार दालनांत भरते. पहिल्या महायुद्धातील जर्मन झेपेलिन विमानांच्या कोठारांचे लोखंडी सांगाडे आणून ती उभारली. अण्णांनी काकड्यांच्या ढिगापुढे उभे राहून घसा साफ केला आणि विचारले, ‘लब्दिएन. त्सिक तस मक्सा?’ विक्रेतीने उत्तर दिले, ते अस्खलित रशियनमध्ये. रीगात रशियन बोलणारे पुष्कळ आहेत, हे वहीत नोंदायचे राहिले होते. अण्णांचा चेहरा पडला. मग तिनेच हसून बोटे दाखवली आणि लात्वियनमध्ये म्हटले, ‘दिवि एइरो.’ दोन युरो. अण्णांनी घासाघीस केली नाही; त्यांच्या आयुष्यातला हा बहुधा पहिलाच प्रसंग.

दूधदुभत्याच्या दालनात आजींना ‘बिएझपिएन्स’ सापडले. शब्दाचा अर्थ घट्ट दूध. हाताला लागताच त्यांनी ओळखले, हा तर चक्का. वेलदोडा आणि केशर पिशवीत होतेच. संध्याकाळी नातीच्या खोलीत श्रीखंड झाले, आणि वाटी घेऊन तिघे खालच्या मजल्यावर गेली. अण्णांच्या हातात सांगलीच्या राजापुरी हळदीची पुडी होती. हळदीला तिथे ‘कुर्कुमा’ म्हणतात, हा शब्द वहीत सर्वांत आधी लिहिला गेला होता.

बाईंनी दार उघडले. अण्णांनी सहा आठवडे घोकलेले वाक्य म्हटले : ‘पल्दिएस पर तेयु. बेझ मॅदुस.’ चहाबद्दल धन्यवाद. मधाविना.

बाई क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी अण्णांच्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, ‘पल्-दिएस.’ अण्णांना वाटले, त्या उलट आभार मानीत आहेत. त्यांनी पुन्हा म्हटले. बाईंनीही पुन्हा म्हटले, या वेळी दुसऱ्या अक्षरावर बोट आपटून. लात्वियन शब्दात जोर पहिल्या अक्षरावर पडतो, हा नियम नातीने पहिल्याच रविवारी सांगितला होता. ‘लब्दिएन’ आणि ‘पल्दिएस’ हे त्याला अपवाद आहेत, हे सांगायचे राहून गेले होते. दीड महिना अण्णा चुकीच्या जागी जोर देत होते. त्यांनी तिसऱ्यांदा म्हटले, ते बरोबर आले. बाईंनी मान डोलावली आणि मगच डोळे पुसले.

तासभर बसणे झाले. नात दुभाषी होती, पण तिचे काम हळूहळू कमी होत गेले. बाईंनी श्रीखंडाची वाटी चाटूनपुसून संपवली. मग मराठीत धन्यवाद कसा देतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा दोघे एकमेकांकडे पाहू लागले. पन्नास वर्षांच्या संसारात तो शब्द एकमेकांस म्हटल्याचे कुणालाच आठवेना. ‘आमच्यात म्हणत नाहीत, मनात ठेवतात,’ आजींनी सांगितले आणि नातीने ते कसेबसे लात्वियनमध्ये नेले.

निघताना अण्णांनी वहीतला निरोपाचा लांबलचक शब्द आठवून पाहिला. तो अर्ध्यावर तुटला. आजी पायरीवर वळल्या आणि सवयीने म्हणाल्या, ‘येतो हं.’ बाईंनी नातीकडे पाहिले. ‘निघताना आमच्याकडे जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात,’ नातीने समजावले, ‘आणि घरच्यांनी उत्तर द्यायचे, या.’

‘या?’ बाईंनी विचारले.

‘या, या,’ आजी म्हणाल्या.

बाई दाराची चौकट धरून हसू लागल्या आणि तिघे जिना चढून वर जाईपर्यंत खालून तोच शब्द ऐकू येत राहिला.