फित्र्याचं माप

रमजानचा शेवटचा आठवडा होता आणि पाचवीच्या वर्गात दोन मुलांची जुंपली होती. नांदेडमधल्या आमच्या मोहल्ल्यात दोन मशिदी. एकीच्या फलकावर माणशी फित्रा लिहिला होता गहू १ किलो ६३३ ग्रॅम, दुसरीच्या फलकावर २ किलो ४७ ग्रॅम. "टीचर, गलत कौन है?" तास गणिताचाच होता. धडा बाजूला ठेवला.

ईदच्या नमाजाआधी गरिबाच्या घरी पोचायला हवं ते दान म्हणजे फित्रा. मुळात तो वजनाने सांगितलेलाच नाही. तो 'साअ'ने सांगितला आहे, आणि साअ म्हणजे मदिनेतलं धान्य मोजायचं माप. हनफी मताप्रमाणे गहू अर्धा साअ, जव किंवा खजूर पूर्ण साअ. पण मापाचं वजन काढायचं तर आधी विचारावं लागतं, माप भरलंय कशाने?

एक हिशेब पावणेदोन शेरांचा. ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा, त्याची पावणेदोन पट म्हणजे १ किलो ६३३. दुसरा हिशेब मौलाना अहमद रझा खान यांचा. त्यांनी १४४ रुपयेभर जव मावतील असं माप घेतलं आणि तेच गव्हाने भरलं, तर गहू भरले १७५ रुपये ८ आणेभर. तेव्हाचा रुपया तोळ्याचा. करा गुणाकार, २ किलो ४७ येतात. म्हणजे गलत कोणीच नाही.

मुलांना हे पटेना. मग शिपाईमामांकडून दुधाचं लिटरचं माप आणलं, दुकानातून काटा आणला. गहू पाऊण किलोच्या थोडे वर भरले, कणीक अर्ध्या किलोच्या आसपास. नंतर एका मुलाने गव्हाचं माप बाकावर चार वेळा आपटलं. गहू बोटभर खाली बसले. वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

माझं आजोळ उदगीरचं. नानीकडे पितळी मापटं होतं. दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. (हा मापी शेर वेगळा, तोलायचा वेगळा, नाव एकच, त्यामुळे घोळ ठरलेला.) १९५८ पासून किलो आले, तरी नानीचं घर मापट्यावरच चालायचं. ती काट्याला हात लावू द्यायची नाही. "अल्ला के नाम का है, काँटे पो नक्को चढा," म्हणायची.

मी सातवीत असताना अब्बा गेले. त्या वर्षी आमच्याकडे पहिल्यांदा फित्रा आला. एका घरचा माणूस मापात गहू सोडायचा अलगद, मग वरून हात फिरवून सपाट करायचा. दुसऱ्या घरची बाई माप हलवायची, ठोकायची, वर शीग लावायची. माप दोघांचं तेच. अम्मी पदर पसरून उभी असायची आणि मान खाली घालून दोन्ही बघायची.

आता बहुतेक जण रक्कमच देतात. यंदा मी हट्टाने गहू काढले. आम्ही घरात तिघं. इलेक्ट्रॉनिक काट्यावर ४ किलो ८९९ ग्रॅम, एक दाणा इकडेतिकडे नाही. पिशवी अम्मीकडे दिली आणि आकडा सांगितला.

तिने ऐकल्यासारखं केलं. डब्यात हात घालून तीन ओंजळी आणखी टाकल्या, पिशवी दोनदा जमिनीवर आपटली, पुन्हा एक ओंजळ टाकली आणि गाठ मारली.